पूजेला ठेवलेली टाकी

संयोगिताचं लग्न ठरलं तेव्हा निपाणीच्या मावशीनं सांगितलं होतं, "मोठं घराणं आहे गं. शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला गेलेली माणसं. घरात तलवार आहे."

तलवार होती. देवघरात लाल कापडात गुंडाळून ठेवलेली, वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर निघणारी. घराण्याचा बाकीचा सगळा पराक्रम बंगळूरच्या पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडखाली चालत होता, आणि तो म्हणजे इडल्या उकडायच्या स्टीलच्या पेट्या तयार करणं. बंगळूरला उभ्यानं खायची जी छोटी हॉटेलं असतात, ज्यांना तिथं दर्शिनी म्हणतात, त्या हॉटेलांत कपाटाएवढी पेटी असते. आत थरावर थर इडल्यांची ताटं, तळाला पाण्याची टाकी, तिच्याखाली शेगडी. पाणी उकळतं, वाफ वर चढते, शंभर माणसांचा नाश्ता एका घाण्यात होतो.

सासऱ्यांनी सुरू केलेलं हे काम आता थोरले दीर खंडोजीअण्णा बघत. संयोगिताचा नवरा रणवीर पत्रा वाकवायचा, जोडायचा, आणि दिवसभरात चार वाक्यं बोलायचा. मुलगी कॉलेजला जायला लागली तशी संयोगिताही शेडवर येऊन बसू लागली. सुरुवातीला नुसता फोन उचलायला. हॉटेलवाले फोनवर कन्नडमधून भांडायचे, ती निपाणीच्या कन्नडमधून ऐकून घ्यायची. पेटी गळते, दार बसत नाही, तुमचा माणूस आला नाही. सगळं ऐकून झालं की म्हणायची, "बरं, आता सांगा, आज किती इडल्या वाया गेल्या?" समोरचा निवळायचा.

भांडायला फोन करणारं गिऱ्हाईक अजून आपलं असतं, हे ती तिथं शिकली. म्हणूनच फोन कमी व्हायला लागले तेव्हा तिनं ते अण्णांच्या कानावर घातलं.

"बरं आहे की," अण्णा म्हणाले. "तक्रारी नाहीत."

"तक्रारी नाहीत म्हणजे गिऱ्हाईक नाही, अण्णा."

ते खरंच होतं. बाहेरून तयार पेट्या यायला लागल्या होत्या. पत्रा पातळ, किंमत कमी, दिसायला चकचकीत. जुने हॉटेलवालेसुद्धा नवीन दुकान काढताना तीच पेटी घेत. मग एक दिवस एका मोठ्या कंपनीचा माणूस गाडीतून उतरला. तुमच्या शेडमध्ये आमच्या नावाच्या पेट्या बनवा म्हणाला. वर्षभर काम, गिऱ्हाईक शोधायची दगदग नाही. तुमचं नाव मात्र पेटीवर राहणार नाही.

अण्णांना ते पटलं. अण्णा काही वाईट नव्हते. शेडमधल्या माणसांची घरं चालायला हवीत, एवढंच त्यांच्या डोक्यात. "नाव काय चाटायचंय?" ते म्हणाले. "चूल पेटती राहू दे."

संयोगिताला मात्र झोंबलं. पेटीवर जे नाव होतं ते कुलदेवीचं होतं, श्री तुळजाई. सासऱ्यांनी स्वतः ठसा करून घेतला होता. पण नुसतं झोंबलं म्हणून धंदा चालत नाही, हेही तिला कळत होतं. वेगळा रस्ता दाखवल्याशिवाय अण्णांना नाही म्हणायला सांगणं हा पोरकटपणा झाला असता.

अण्णांची मुलगी दिव्यश्री एका काचेच्या इमारतीत नोकरीला होती. दुसऱ्या कंपन्यांनी नवीन काय करावं, स्पर्धेत कसं टिकावं, हे सांगायचं तिचं काम. अण्णा चारचौघांत म्हणत, "आमची दिव्या शहाणपण विकते. घरात फुकट देते म्हणून कोणी घेत नाही."

एका रविवारी जेवताना दिव्यश्रीनं सहज विचारलं, "काकी, हॉटेलवाला आपल्याकडून काय विकत घेतो?"

"पेटी."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? इडल्या करायला."

"इडल्या स्वस्तातल्या पेटीतही होतात की."

"मग मला नाही सांगता येत."

"मलाही नाही," दिव्यश्री म्हणाली. "आम्ही पण आधी जाऊन बघतोच. तू जाऊन बघ. पण विकायला जाऊ नकोस हां. पेटीचं नाव काढू नकोस. नुसती उभी राहून कॉफी पी."

अण्णा ताटातून मान वर न करता म्हणाले, "छान. आता कॉफी प्यायला पण कन्सल्टंट लागतो."

पण संयोगिता गेली. सकाळची देवपूजा आटोपायची, गिरीराजच्या व्हॅनमध्ये बसायचं, आणि एकेक दर्शिनी बघायची. गिरीराज शेडचा जुना माणूस, गाडी चालवायचा आणि पेट्या बसवायचा. तो बाहेर थांबे, ही कॉफीचा पेला धरून आतल्या बाजूला नजर लावून उभी राही.

जे. पी. नगरला शेणॉय म्हणून एकाचं दुकान होतं. त्याची शहरात आणखीही काही दुकानं होती, अगदी येलहंक्यापर्यंत. त्या सकाळी त्याच्या पेटीच्या तळातून पाणी गळत होतं. आचाऱ्यानं ओली फडकी कोंबली होती, तरी शेगडी विझत होती. काउंटरपुढे कुपनं घेतलेली माणसं ताटकळत होती. "इडली इल्ला, वडा आहे, उप्पीट आहे," शेणॉय घाम पुसत सांगत होता. माणसं हात हलवून समोरच्या हॉटेलात जात होती.

"मेकॅनिक?" संयोगितानं विचारलं.

"येईल की. दुपारी. जेवून झोपून." शेणॉयनं तिच्याकडं बघितलं. "अम्मा, जो इडलीसाठी समोर जातो तो कॉफी पण तिथंच पितो. उद्या पण तिथंच जातो. पेटी महाग की स्वस्त, ते मी एकदा बघतो. वाफ मी रोज सकाळी बघतो."

घरी येऊन तिनं अण्णांना सांगितलं, "ते पेटी घेत नाहीत, अण्णा. सकाळची वाफ घेतात."

"वाफ विकायची? मग शेड कशाला, फुगे घेऊन लालबागेच्या दारात उभे राहू."

सगळे हसले, तीही हसली. पण रणवीरनं जेवण झाल्यावर विचारलं, "कुठून गळत होती?"

"तळातून. टाकीतून."

"टाकीच जाते," रणवीर म्हणाला. "बोअरचं पाणी. क्षार साचतो, खालून जळते." त्याचं त्या दिवसाचं बोलणं तिथं संपलं. पण पुढचे काही दिवस शेडच्या फरशीवर खडूच्या रेघा दिसायला लागल्या. टाकी पेटीला जोडलेली असते म्हणून अख्खी पेटी उचलून दुरुस्तीला आणावी लागते. ती कपाटाच्या खणासारखी सरकून बाहेर आली तर? दोन बाजूंना दोन खिट्ट्या. खिट्टी उघडायची, जुनी टाकी ओढायची, नवी सारायची. पाना नको, वेल्डिंग नको. जुनी टाकी शेडवर आणून सावकाश घासायची. रणवीरनं तशी एक टाकी करून दाखवली आणि बायकोकडं बघितलं. संयोगिताला तेवढंच हवं होतं.

मग तिनं आपलं म्हणणं मांडलं. आपण शेडवर तयार टाक्या ठेवायच्या. हॉटेलवाल्याला शब्द द्यायचा की फोन कर, तुझा पुढचा घाणा चुकणार नाही. बाहेरून पेटी विकणाऱ्याला हे जमणार नाही, कारण तो लांब आहे. आपण पीण्यात आहोत. आपली माणसं आहेत, गाडी आहे.

"आणि बाकीचं काम कोण करणार?" अण्णांनी विचारलं. "सिंक आहेत, टेबलं आहेत, रॅक आहेत."

"ते सोडायचं," दिव्यश्री म्हणाली.

अण्णा ताडकन उभेच राहिले. "सिंक माझ्या बाबांनी सुरू केली."

"अप्पा, सिंक या गल्लीत दहा जण करतात. फोन आला आणि गिरीराजदादा कुठंतरी सिंक बसवत बसलेले असले, तर काकीच्या शब्दाला काय अर्थ? काय करायचं ते ठरवणं सोपं असतं. काय नाही करायचं तिथंच सगळ्यांचं अडतं. माझ्या ऑफिसात पण."

अण्णा परत खाली बसले. मग म्हणाले, "दसऱ्यापर्यंत. त्या शेणॉयच्या एका दुकानात लावून बघ. दसऱ्यापर्यंत तो सगळ्या दुकानांना हो म्हणाला तर तुझं खरं. नाहीतर दसरा झाला की मी त्या कंपनीच्या कागदावर सही करणार. मग रडायचं नाही. सरी?"

"सरी," संयोगितानंही कबूल केलं.

शेणॉय ऐकून हसला. "येलहंक्याच्या दुकानात लावा. तिथलं पाणी माझ्या सासूसारखं आहे, कोणाशीच जमत नाही. तिथं टिकलात तर बोलू."

टिकले. पावसाळाभर तिकडून फोन आले आणि प्रत्येक वेळी गिरीराज टाकी घेऊन पोचला. एकदा तर जुनी टाकी निघून नवी बसेपर्यंत काउंटरवरच्या माणसाला कळलंसुद्धा नाही. शेणॉय हो म्हणत नव्हता, पण नाहीही म्हणत नव्हता. "दसरा येऊ दे," एवढंच म्हणायचा. संयोगिताला काळजी नव्हती. काम चोख होतं, आणि जे चोख आहे त्याच्या मागं देवी उभी राहते, असा तिचा साधा भरवसा होता.

खंडेनवमी आली. बंगळूरला तिला आयुधपूजा म्हणतात आणि पीण्यात तो दिवाळीहून मोठा सण. आदल्या दिवशी शेड धुऊन निघाली. यंत्रं पुसली, केळीचे खुंट बांधले, देवीच्या तसबिरीपुढे लाल कापडावर हातोड्या, पाने, कानशी ओळीनं मांडल्या. घरून तलवार आली, तीही ठेवली. घराण्याची रीत कडक होती. पूजेला जे मांडलं ते दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत तिथंच. कोणी हात लावायचा नाही.

संयोगिताचे नवरात्रातले उपास होते. तरी सकाळपासून तिनंच शेडवर तयार असलेल्या दोन्ही टाक्या आरशासारख्या घासल्या. कुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडूचे हार बांधले आणि त्या अगदी देवीच्या पायाशी मांडल्या. या वर्षीचं नवं काम तेच होतं. ते देवीपुढं नाही ठेवायचं तर काय ठेवायचं?

दुपारी आरती झाली. दारात कोहळा फोडला. व्हॅनला हार घालून चाकांखाली लिंबं ठेवली आणि गिरीराजनं गाडी लिंबांवरून पुढं घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटत असतानाच फोन वाजला.

शेणॉय होता. "अम्मा, येलहंक्याला टाकी फुटली. नुसती गळत नाही, फुटली. चारपासून गर्दी आहे, सणाची. आज सुट्टी नाही ना तुम्हाला?"

"नाही," संयोगिता म्हणाली. "निघतोच." आणि फोन ठेवताना तिची नजर देवीच्या पायाशी गेली.

गिरीराज हात पुसत आला. "अक्का, टाकी कुठली घेऊ?"

त्यानं तिच्या नजरेच्या दिशेनं बघितलं. "दोन्ही?"

"दोन्ही. मीच ठेवल्या."

अण्णांच्या लगेच लक्षात आलं. ते रागावले नाहीत, उलट समजूत काढायच्या सुरात म्हणाले, "शेणॉयला फोन कर. सांग, पूजेत आहेत, उद्या उत्तरपूजा झाली की आणतो. देवाधर्माचा माणूस आहे, समजून घेईल."

"समजून घेईल, अण्णा. म्हणूनच भीती वाटते. आज समजून घेईल आणि उद्यापासून फोन करायचा नाही."

"मग काय करतेस? पूजेतलं या घरात कोणी उचललेलं नाही."

हे तिलाही माहीत होतं, आणि तिला ते मोडायचं नव्हतं. नऊ दिवस एकवेळ जेवून राहिलेली बाई ती. रीत म्हणजे अडगळ, असं मानणाऱ्यांतली नव्हे. तिनं पदर सारखा केला आणि दाराबाहेर बघितलं. व्हॅनच्या चाकाखाली चिरडलेलं लिंबू दिसत होतं.

"अण्णा, गाडीची पूजा केली ना आपण आत्ता?"

"केली."

"आणि गिरीराजनं लगेच चालवली."

"मग? गाडी चालवायचीच असते. पूजा करून उभी करायची का तिला?"

बोलून झालं आणि अण्णांची नजर टाक्यांकडं गेली. संयोगितानं त्यांना शब्दात पकडलं नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "टाकी पण आता गाडीसारखीच आहे, अण्णा. पूर्वी इथं बसून राहायची. आता तिचं काम जाण्याचं आहे."

"आणि ती बसवायला पाने लागतील, हातोडी लागेल. ते पण उचलणार?"

"काही लागत नाही," रणवीर म्हणाला. सगळे त्याच्याकडं वळले. "एक पण हत्यार लागत नाही. नुसत्या हातांनी निघते, हातांनी बसते."

अण्णांनी तसबिरीकडं बघितलं, मग भावाकडं. "मला विचारू नका," ते म्हणाले. "तिला विचारा."

संयोगिता देवीपुढं गुडघ्यावर बसली. तिला मोठं काही मागता येत नसे. "आई," ती म्हणाली, "तुझ्या पायाशी मिरवायला ठेवली होती. आता कामाला नेते. चुकलं असेल तर मला सांग, टाकीला नको." तिनं हाराची गाठ सोडली, हार देवीच्या पायाशीच ठेवला आणि टाकी दोन्ही हातांनी उचलली. कुंकू तसंच राहू दिलं.

व्हॅनपाशी आली तर पुढच्या सीटवर अण्णा बसलेले. अनवाणीच.

"तुम्ही कुठं, अण्णा?"

"येतो. दोष लागायचा तर थोरल्याला लागू दे. सरक स्वल्प, टाकी माझ्या मांडीवर दे. मागं आपटेल."

जालहळ्ळीचा रस्ता कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांनी लाल झाला होता. "अण्णा, हळू जातो," गिरीराज म्हणाला, "कोहळ्यावरनं चाक घसरतं."

"हळू जायचं होतं तर निघालो कशाला? चल."

येलहंक्याला दारात शेणॉय उभा होता आणि त्याच्या मागं हॉटेल गच्च भरलेलं. अण्णा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे राहिले. आयुष्यभर पेट्या विकल्या त्यांनी, पण ऐन गर्दीत पेटीसमोर कधी उभे राहिले नव्हते. आचारी पीठ ओतलेली ताटं हातात घेऊन वाट बघत होता. बाहेरून कोणीतरी इडली येते की नाही म्हणून ओरडत होतं, "इडली बरत्ता इल्लवा?" गिरीराजनं खिट्ट्या उघडल्या. फुटकी टाकी बाहेर आली, क्षारानं पांढरी पडलेली. संयोगितानं नवी आत सारली. पाणी, मग शेगडी. सगळे पेटीकडं बघत राहिले. अण्णांनी तर हात जोडले होते, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

पहिली वाफ दाराच्या फटीतून अगदी बारीक निघाली. आचाऱ्यानं ताटं आत लोटली.

शेणॉय वाकून टाकी बघत होता. "हे कुंकू?"

"पूजेत होती," संयोगिता म्हणाली. लपवायचं कशाला?

शेणॉयनं चपला काढल्या, टाकीला हात लावून डोळ्यांना लावला आणि अण्णांकडं वळला. "तुम्ही थोरले ना? मग ऐका. येलहंक्याच्या पाण्यात टाकी फुटणारच, तुमची असो की कोणाची. मी बघत होतो, सणाच्या दिवशी फोन उचलतं का कोणी. दसरा उलटायची वाट बघू नका. उद्याच या, जे. पी. नगरपासून सुरू करू. सगळी दुकानं. मुहूर्त चांगला आहे."

पहिला घाणा निघाला. शेणॉयनं पहिली ताटली भिंतीवरच्या देवापुढं ठेवली, दुसरी अण्णांना दिली. संयोगिताला उपास, म्हणून तिला कॉफी. ती तिनं सावकाश प्यायली.

परत येताना जालहळ्ळी ओलांडली. अण्णा म्हणाले, "पुढल्या वर्षी काय करायचं? एक टाकी पूजेबाहेर ठेवायची?"

"बाहेर नको, अण्णा. बाहेर कशाला? दोन्ही पूजेतच. एक दाराशी मांडायची, आणि तिचा हार नुसता वर ठेवायचा. बांधायचा नाही."

अण्णांनी मान हलवली. हे त्यांना पटलं. "आणि त्या कंपनीवाल्याला काय सांगू? मराठीतून सांगू की कन्नडमधून?"

"कशातूनही सांगा. नाही म्हणा म्हणजे झालं."

अण्णा मोठ्यानं हसले. गिरीराजही हसला.

शेडमध्ये रणवीर समईजवळ बसून होता, ज्योत विझू नये म्हणून. देवीच्या पायाशी हार होता आणि त्याच्यापुढं एका टाकीची जागा रिकामी. अण्णांनी व्हॅनमधून ती फुटकी, पांढरी पडलेली टाकी स्वतः उचलून आणली आणि त्या जागेवर ठेवली.

"हिनं पण पावसाळाभर काम केलंय," ते म्हणाले. "रणवीर, कुंकू आण."